घणाचा हादरा

शाळेमागच्या माळावर आज पाणी शोधणारी माणसं आली होती. त्यांनी जमिनीत ओळीनं छोटी यंत्रं रोवली, एक जाड लोखंडी प्लेट ठेवली आणि तिच्यावर घण घालायला सुरुवात केली. मी दुधाची किटली घेऊन चालले होते, तर त्यांच्यातली एक मुलगी ओरडली, "काकू, जरा थांबा! पाऊल वाजलं तरी यंत्राला ऐकू जातं."

मी थांबले. बघायला जमलेले सगळेच जागच्या जागी उभे होते. खडकाचं म्हणणं ऐकायला अख्खं गाव श्वास रोखून उभं! माणसासाठी कोण थांबतं असं?

"यातनं कळतं काय गं?" मी नंतर तिला विचारलं.

"हादरा खाली जातो. पाण्यानं भरलेली भेग लागली की अडखळतो. त्यातली एक लाट तर पाण्यातून पलीकडे जातच नाही."

घरी आले. हे खिडकीशी बसले होते. आमची लेक नंदा तापात गेली, तेव्हापासून तिथंच बसतात. तिच्याबद्दल एक शब्द नाही, डोळ्यांत टिपूस नाही. लोक म्हणतात, माणसाचा दगड झाला. मीही तेच म्हणायची. पण कोरडा दगड असता, तर हाक आरपार गेली असती.

दूध तापत ठेवलं आणि कितीतरी महिन्यांनी तिचं नाव मोठ्यानं घेतलं. "अहो, आपली नंदा..." मग तशीच उभी राहिले, पाऊल न वाजवता.



"दूध उतू जातंय," ते अडखळत म्हणाले.