काकांचा सोमवार

स्वतः दारू न पिता दारुड्यांपेक्षा दारूचा जास्त विचार करणारा माणूस साऱ्या बंगळुरात एकच होता, आणि माझ्या दुर्दैवानं मी त्याच्याच घरी राहत होतो. अजूनही माझा राग गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. हे काका म्हणजे माझ्या वडिलांचे, आबांचे, निपाणीचे शाळासोबती. इथल्या एका सरकारी कारखान्यात फोरमन, माणूस एकटा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकसुद्धा झालं नव्हतं. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या आबांनी मला बी.एस्सी.साठी काकांच्या स्वाधीन केलं ते एकाच अटीवर : दारूचा नुसता संबंध कानावर आला, तरी पुस्तकं बांधून परत, वखारीत.

काकांच्या हाताखालची माणसं रविवारी प्यायची आणि सोमवारी कारखान्याचा भोंगा झाला तरी उठायची नाहीत. दुसरा फोरमन गैरहजेरी मांडून मोकळा झाला असता. काकांनी त्याचं शास्त्र केलं. दुसऱ्या दिवशीच्या त्या डोकेदुखीला आणि मळमळीला ते 'सोमवार' म्हणत. त्यामुळे एखाद्याला गुरुवारीसुद्धा सोमवार व्हायचा. रविवारी दुपारी ते अलसूरला, या कामगारांच्या वस्तीत, घरोघर जाऊन बजावत, "उपाशीपोटी पिऊ नका. आधी दहीभात खा. एक पेला दारू, की एक पेला पाणी. दोन जातींची दारू एका पोटात घालू नका." सकाळी उतारा म्हणून पुन्हा घोटभर घेणाऱ्यावर तर ते खवळत, "आग विझवायला रॉकेल ओततोस होय रे?" एवढ्यावर थांबले असते तर माझी तक्रार नव्हती. पण सोमवारी उजाडताच मीठ-जिरं घातलेल्या ताकाची किटली सायकलला अडकवून अलसूरला जायचं कुणी? मी! फिजिक्सचं प्रॅक्टिकल तोंडावर आलेलं असायचं, आणि मी कुणा अनोळखी माणसाच्या उशाशी बसून "घ्या, स्वल्प घ्या" करत असायचो. मराठी मंडळींत माझ्या संगतीबद्दल कुजबुज सुरू झाली. एका बाईंनी तर मला पाहून आपल्या मुलीला घरात बोलावलं. मी रडवेला होऊन काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "लोकांचं सोड. ताक आंबट झालं नव्हतं ना?"

त्यांच्या खात्यात रामय्या नावाचा टर्नर होता. तो एकदा वैतागून म्हणाला, "स्वामी, तुमच्या ताकानं काही होत नाही. तुम्ही एकदा पिऊन बघा, मग सांगा." दुसऱ्या कुणी हे हसण्यावारी नेलं असतं. काकांनी रविवारी संध्याकाळी ब्रँडीची बाटली आणून खिडकीत ठेवली. मी हात जोडले. "काका, निदान दहीभात तरी खा!"

"मग सोमवार कसा होणार? उतारा तपासायचा तर आधी आजार नको? सायन्सचा विद्यार्थी ना तू?"

सोमवार झाला. असा झाला, की कावळा ओरडला तरी काका कण्हत. कपाळावर ओला पंचा. मी ताक नेलं. "ने ते." केळं नेलं. "ते पिवळं डोळ्यांसमोरून हलव." मग एकदम क्षीण आवाजात म्हणाले, "अरे, ते अशा अवस्थेत असताना मी त्यांना व्याख्यानं देत होतो? कुणी मला मारलं कसं नाही?" मला हसू येणार होतं, पण तेवढ्यात दारात आबा दिसले. कुजबुज निपाणीपर्यंत पोचली होती. कळवायचं सोडून ते थेट गाडीत बसले होते. त्यांनी बाटली पाहिली, मित्र पाहिला, माझ्या हातातला लिंबूपाण्याचा पेला पाहिला.

"म्हणजे खरंच आहे तर. पुस्तकं बांध."

"आबा, तो प्रयोग होता," मी म्हणालो, आणि ते किती खोटं वाटतंय हे माझं मलाच कळलं.

काका भिंत धरून उठले. "पोराला कशाला बोलतोस? मी पितो. रोज पितो. त्यानं कधी हात लावला नाही. उलट तोच मला सांभाळतो."

आबांनी मला जवळ ओढून, लहान मुलाचं हुंगावं तसं माझं तोंड हुंगलं. मग म्हणाले, "शिकायचं तर शीक. पण या घरात नाही." काकांकडचं पाणीसुद्धा न घेता ते बाहेर पडले. त्याच दिवशी मी वसतिगृहात गेलो.

आठवड्यानं मी भांडायलाच काकांकडे गेलो. "खरं का नाही सांगितलंत?"

"अरे, खरं फार लांबलचक होतं, आणि डोकं ठणकत होतं."

आबांना मी नंतर कितीदा सांगून पाहिलं. ते म्हणतात, "दारुड्यांची बाजू घेऊ नकोस." ज्या माणसानं उभ्या जन्मात एकदाच दारू घेतली, तीही दुसऱ्यांच्या डोकेदुखीसाठी, त्याला अख्खी निपाणी दारुडा म्हणते! मी पास झालो तेव्हा आबांनी गल्लीभर पेढे वाटले, काकांना तेवढे धाडले नाहीत. म्हणून मीच घेऊन गेलो. काकांनी पेढा हातात धरला आणि विचारलं, "तुझा बाप बरा आहे ना रे?"