भाच्याच्या लग्नातली जिलबी

चितेगावच्या कंपनीतला कडूबा खाण्यात नामांकित गडी होता. गुडघे धरले तेव्हा डॉक्टरांनी त्याला वजन उतरवायला सांगितलं. दिवाळीच्या फराळालाही त्यानं हात लावला नाही. सात महिन्यांत चौदा किलो उतरले.

मग देवगाव रंगारीला भाच्याचं लग्न निघालं. पंगतीत तो नुसतं वरण अन् वांग्याची भाजी घेऊन बसला. थोरली बहीण आशाबाई जिलब्यांचं ताट घेऊन आली. "माझ्या लेकाच्या लग्नात तोंड गोड करायचं नाय व्हय?"

कडूबानं जिलबी उचलली आणि तिलाच भरवली. "आक्का, तू खाल्लीस की मला पोचली. आज वरातीत लई नाचायचंय."

संध्याकाळी तो वेशीपासून मांडवापर्यंत नाचला. आशाबाई शेजारणीला म्हणाली, "त्यो सगळ्यात पुढं नाचतोय ना, त्यो भाऊ माझा."