याडीला दाखवलेला बोलपट

रामसिंग गेल्याची बातमी कळमनुरीच्या बाजारात मिळाली, तेव्हा मी त्याच्यावर चिडूनच बसलो होतो. आमच्या फिरत्या बोलपटाचा ट्रान्सफॉर्मर त्याने नुकताच जाळून ठेवला होता आणि जळक्या वार्निशाचा वास अजून माझ्या हातांना येत होता. साध्या तापाचं निमित्त झालं, माणूस संपला... आणि आमचं भांडण अर्धंच राहिलं.

आमची भागी होती. तंबू आणि गाड्या त्याच्या, यंत्रं माझी. डोंगरकड्यापासून कनेरगाव नाक्यापर्यंत आम्ही खेळ नेला. रामसिंग बंजारा तांड्यावरचा, त्याच्या वाडवडलांनी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून, ते दमू नयेत म्हणून हळू हाकत मुलुख पालथा घातलेला. जर्मनीच्या लढाईमुळे इंजिनाचं तेल मिळेनासं झालं, तसं त्याने तेच डोकं यंत्राला लावलं. इंजिन हळू चालवायचं आणि दिवा मंदावला की जनित्राची मूठ फिरवून विजेचा दाब पुन्हा चढवायचा. पडद्यावर चित्र झकास दिसे. पण आवाजाच्या यंत्राला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर घुमायला लागे, हात लावू देत नसे इतका तापे.

"हळू हाकलेला बैल थकतो काय? मंग हे काहून तापून राहिलं?" तो विचारी.

मी जीव तोडून सांगे. ही वीज सारखी दिशा पालटते. इंजिन मंदावलं की ती सावकाश पालटते, पण दाब आपण तेवढाच ठेवलेला. मग दर खेपेला आतल्या लोखंडावर जास्त ताण येतो, त्याला तो पेलत नाही, तारेतून नको तेवढी वीज वाहते आणि सगळी शक्ती तापण्यात जाते. यंत्राला हळू चालणं म्हणजे विसावा नव्हे! "व्हय, बराबर हाय," तो म्हणे आणि माझी पाठ वळली की वेग उतरवी. कपाळ बडवून घ्यावंसं वाटे.

कहर केला तो त्याच्याच तांड्यावर. त्याच्या आई, ज्यांना सगळे याडी, म्हणजे आईच, म्हणत, पायांनी अधू. त्यांना एक अख्खा बोलपट दाखवायचा, हा त्याचा ध्यास. तेल अपुरं होतं. "पुऱ्या वेगानं चालवलं तर शेवट न्हाई दिसायचा. याडीला शेवट दाखवायचाय," म्हणाला आणि ऐकलं नाहीच. निम्म्यात धूर निघाला, आवाज बसला. दिवा थेट जनित्रावर होता, म्हणून चित्र चालूच. मी शिव्या घालत इंजिनाकडे धावलो, तर हा पडद्याशेजारी जाऊन उभा! राजा, राणी, नारद, राक्षस... सगळ्यांची बोलणी आपल्या गोरमाटी बोलीत स्वतःच म्हणू लागला. राणीचं रडणंसुद्धा. तांडा हसून लोळला आणि मी जळक्या तारा उलगडत धुमसत राहिलो.

तो गेल्यावर मी ट्रान्सफॉर्मर नव्याने गुंडाळला, खटपट करून पुरेसं तेल मिळवलं आणि तोच बोलपट तांड्यावर नेला. इंजिन पुऱ्या वेगात ठेवलं. त्याला दाखवून द्यायचंच होतं मला, दुसरं काय! आवाज खणखणीत होता. याडी पुढेच बसल्या होत्या. राणी रडायला लागली, तशा त्या माझ्याकडे वळल्या.

"बापू, तिचं बोलणं बंद कर. माझं लेकरू बोललं होतं तेच बराबर हाय."

मी आवाजाची तार काढली. चित्र शेवटपर्यंत मुकं चाललं आणि याडी एकट्याच हळू आवाजात त्याची वाक्यं म्हणत राहिल्या. रोजच्या सवयीने माझा हात ट्रान्सफॉर्मरवर गेला. तो गार होता.