बॅरीचे फोटो आणि आमचं बाकडं

किस्से घरातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांसारखे असतात. आपण जमवत नाही, ते जमतात. एक ओढायला जावं तर तिच्या पोटातून दुसरी निघते आणि हातात येते ती तिसरीच! न्यूझीलंडात, ऑकलंडमधल्या माउंट रॉस्किलच्या आमच्या बाकड्यावर असे पुष्कळ साठले.

बाकडं म्हणजे आम्हा चौघांचं ऑफिस. मुलं आणि सुना कामावर गेल्या की भारतातून आलेले आम्ही आईबाप तिथे हजेरी लावायचो. मी निवृत्त कारकून, चित्रकलेचे कुलकर्णी मास्तर, बँकेतले बापट आणि सुमनताई, म्हणजे आमच्यातल्या एकट्याच कामाच्या. कॉलिंग कार्ड खरवडून पुण्याला फोन लावायचा तो काळ. फोन झाला की उरलेला दिवस मोकळा!

समोर बायकांचं क्लिनिक होतं. दर शुक्रवारी त्याच्या गेटाशी गर्भपातविरोधी मंडळी उभी राहायची. हातात घोषणा असत्या तर आम्ही वाचून सोडून दिल्या असत्या. पण त्यांच्याकडे फोटो होते. दारापेक्षा मोठे, लालभडक. पहिल्या दिवशी चष्मा घरी राहिला होता. मला वाटलं, नवीन मटणाचं दुकान निघतंय. जवळ जाऊन अक्षरं वाचली आणि कळलं, पाडलेल्या गर्भांचे फोटो होते ते.

आता तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्यांना काय करायचंय? नसतंच काही करायचं. पण सुमनताईंच्या सुनेचं, केतकीचं, तिसऱ्या महिन्यात मूल गेलं. किती वाट पाहून राहिलेलं. तिला पुढच्या तपासणीला त्याच क्लिनिकमध्ये जायचं होतं, आणि तिची डॉक्टर नेमकी शुक्रवारी बसायची. केतकी गाडीतून उतरली, समोरचा फोटो पाहिला आणि परत गाडीत जाऊन बसली.

"आई, पुढच्या शुक्रवारी," एवढंच म्हणाली.

पुढच्या शुक्रवारीही तेच झालं. डॉक्टरीणबाईंचा फोन आला, तपासणी आता लांबवू नका, अंगावर काढाल तर महागात पडेल.

*

सगळ्यांत आधी कुलकर्णी मास्तर रस्ता ओलांडून गेले. त्या मंडळींचा पुढारी बॅरी नावाचा उंच म्हातारा होता. डोक्यावर लोकरी टोपी, स्वभावाने गरीब. त्याला वाटलं, माणूस सामील व्हायला आला.

"किया ओरा!" त्याने इथला नमस्कार घातला. "आमच्या बाजूने का?"

"मी चित्रकलेचा मास्तर आहे. मी फक्त मार्क देतो!"

मास्तरांनी फलकाभोवती एक चक्कर मारली. रंग भडक, मांडणी नाही, बघणाऱ्याच्या डोक्याला काही काम ठेवलेलं नाही. दहापैकी तीन. बॅरी हिरमुसला. गंमत म्हणजे पुढच्या शुक्रवारी मास्तर दिसताच त्याने नवा फलक वर धरला आणि लांबूनच ओरडून विचारलं, "आज किती?"

मास्तर म्हणाले, "दोन!"

*

बापटांचं प्रकरण वेगळं. गर्भपात हे पाप, असं त्यांचं स्पष्ट मत. बाकड्यावर त्यावरून आमची दोनदा भांडणं झाली होती. एका शुक्रवारी ते ताडकन उठले, "मला पटतं ते मी करणार!" म्हणाले आणि बॅरीच्या शेजारी जाऊन उभे राहिले. फोटो मात्र हातात घेतला नाही.

तासाभराने परत आले आणि चहाचा थर्मास उघडून बसले.

"काय हो, मत बदललं?" मी विचारलं.

"मत तेच आहे. पण एक मुलगी आत गेली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, फोटोकडेही पाहिलं नाही. सगळा वेळ स्वतःच्या जॅन्डल्सकडे बघत चालली होती. पायातल्या सपाता हो! तिला काय सांगितलं आपण?"

बापट वादात हरलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. कुणी हरवलं नव्हतं, स्वतःच हरून आले होते.

*

माझी नात पाच वर्षांची. शाळेची वाट तिथूनच. एका शनिवारी तिने जॅम लावलेला टोस्ट बाजूला सारला. मी म्हटलं, "खा की गं." ती म्हणाली, "आजोबा, इट लुक्स लाइक द पोस्टर."

मग मात्र मी कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, फोन केला. पलीकडे माझ्याच जातीचा माणूस निघाला. म्हणजे कारकून!

"फोटोत काय आहे ते आम्ही बघत नाही. फलक फुटपाथवर टेकवलेत का, तेवढं सांगा."

"टेकवलेत!"

"मग ते हातात धरावे लागतील."

त्यानंतरच्या शुक्रवारी ऑकलंडचा तो सुप्रसिद्ध वारा सुटला. बॅरी फलकासकट गर्रकन फिरला आणि क्लिनिकच्या भिंतीला चित्र दाखवत उभा राहिला. पुन्हा वळला, पुन्हा फिरला. मास्तर बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "भिंतीवर काही परिणाम दिसत नाही."

*

सुमनताईंचं इंग्रजी बेताचं. पण एक दिवस त्या तडक बॅरीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. केतकीचं सगळं सांगितलं. तिला मूल हवं होतं, ते गेलं, आणि हा फोटो बघून ती दारातून परत जाते.

बॅरीचा चेहरा उतरला. "सॉरी, लव्ह. हा फोटो तिच्यासाठी नाहीये."

सुमनताई म्हणाल्या, "फोटो नो दॅट?" म्हणजे, फोटोला हे ठाऊक आहे का?

बॅरीने वळून आपल्या फलकाकडे पाहिलं. फलक मात्र तिथेच राहिला. सवय, दुसरं काय!

*

आणि मग तो शुक्रवार. केतकी गाडीत बसलेली, काच वर. नवरा निखिल म्हणाला, "जमत नसेल तर जाऊ परत."

सुमनताईंनी पिशवीतून आपली जुनी इरकली नऊवारी काढली आणि भर रस्त्यात झटकून उलगडली.

"मास्तर, तुम्ही ते टोक धरा. भाऊ, तुम्ही हे. वर! आणखी वर! बॅरी उंच आहे!"

भाऊ म्हणजे मी. माझ्या खांद्यातून कळ गेली, पण पदर खाली येऊ दिला नाही. केतकी उतरली. साडीच्या अलीकडे ती, पलीकडे बॅरी आणि त्याचे सगळे फोटो. तिच्या पावलाबरोबर आम्ही दोघे आडवे आडवे सरकत निघालो. निखिल गाडी लावायला गेला.

आता, ऑकलंडमधल्या चार-पाच मराठी पोरांची लग्नं बापटांनीच लावलेली. समोर ताणून धरलेलं कापड दिसलं, आणि त्यांचं तोंड सुरू झालं! खणखणीत आवाजात मंगलाष्टकं! सगळा रस्ता थांबला. पलीकडच्या डेअरीतला, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातला, दुकानदार काउंटर सोडून बाहेर आला. बॅरीच्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं आणि हळूहळू फलक खाली घेतले. बॅरीने तर डोक्यावरची टोपी काढली.

"शुभमंगल सा-व-धा-न!"

केतकी क्लिनिकच्या दाराशी पोचली होती. मागे वळली. दोन महिन्यांत जिच्या तोंडून धड वाक्य निघालं नव्हतं, ती म्हणाली, "अहो बापटकाका, नवरा कुठाय?"

"पार्किंग शोधतोय!"

केतकी मोठ्याने हसली आणि हसतहसतच आत गेली.

आम्ही साडीची घडी घालत होतो. बॅरीने फलक गवतावर पालथा ठेवला, टोपी छातीशी धरली आणि सुमनताईंच्या पुढ्यात येऊन हात पुढे केला.

"काँग्रॅच्युलेशन्स!"

सुमनताईंनी तो हात दोन्ही हातांत घेतला.

"थँक यू," त्या म्हणाल्या. "जेवूनच जा."