वाडग्यातली खाट

आमच्या गावात मॅग्रिट बोस्टँडरला सगळे चूपबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि तीही खुशाल ओ देते. कामच तिचं तसलं. गावापासून दूर, उघड्या माळावर रेडिओ दुर्बिणीच्या त्या पांढऱ्या तबकड्या आभाळाला कान लावून उभ्या आहेत ना, त्यांच्या आसपास कुणी गोंगाट केला की तो हुडकायचा आणि बंद करायचा, यासाठी तिला ठेवलेलं आहे. गोंगाट म्हणजे आपल्या कानांना ऐकू येणारा नव्हे. तुम्ही बोंब मारा, ढोल बडवा, तबकड्यांना त्याचं सोयरसुतक नाही. पण मोबाइल, पेट्रोलच्या गाडीतली ठिणगी, कोल्ह्यांसाठी वीज सोडलेली तार वाऱ्याने झुडपाला लागून तडतडते ती, यातलं काहीही त्यांच्या कानात किंचाळतं. म्हणून मॅग्रिट डिझेलच्या गाडीत माशाच्या काट्यासारखा अँटेना घेऊन फार्मोफार्मी हिंडते. तिला कॉफी सगळे देतात, पण ती फाटकातून बाहेर पडेपर्यंत कुणाचा जीव थाऱ्यावर नसतो.

तिचा नवरा मासेमारीच्या बोटीवर जातो म्हणून समुद्राकडे गेला तो गेलाच. लोक म्हणतात, घोरायचा म्हणून हिनेच हाकलला. मॅग्रिट म्हणते, "घोरण्याचं काय घेऊन बसलात, तो जागेपणी बोलायचा तेच सोसवत नव्हतं."

तिचे आईबाप लोकर कातरणारे. गाढवांच्या गाडीत संसार, आज या फार्मवर तर उद्या त्या. पोर शाळेच्या वयाची झाली तेव्हा आईने तिला आपल्या भावाकडे आणून सोडलं. भाऊ म्हणजे यापी मामा, क्रीडुरिंग फार्मवरचा मेंढपाळ. सोडली भावाकडे, पण वाढवली भावजयीने. सीना मामीला मूलबाळ नव्हतं. आईने टाकलेली कोकरं बाटलीने दूध पाजून जगवण्यात मात्र तिचा हात धरणारं माळावर कुणी नव्हतं, आणि मॅग्रिट त्या कोकरांतलंच एक होऊन वाढली. शाळेच्या वसतिगृहातून सुट्टीला आली की मामी आधी तिची बोटं चाचपून बघायची, गार आहेत का म्हणून. कोकरांचे कान चाचपायची तसंच. मॅग्रिट पन्नाशीला आली तरी ती सवय गेली नाही. गेली ती गेल्या वर्षी, मामीला अर्धांगाचा झटका आला तेव्हा.

झटक्याने उजवं अंग लुळं पडलं आणि बोलणंही गेलं. एकच शब्द उरला, 'नाही'. पाणी हवं का, नाही. नको का, नाही. यापी मामा म्हणायचा, "लग्नापासून माझ्या कुठल्या गोष्टीला हो म्हणाली होती? देवाने उगाच जास्तीचे शब्द दिले होते, ते परत घेतले." म्हणायचा आणि तिच्या उशीचा अभ्रा नीट करायचा.

या हिवाळ्याच्या अखेरीस तबकड्यांवर मोठं काम निघालं. आकाशगंगेचा अख्खा पट्टा, एका अंगाकडून सुरू करून तुकड्यातुकड्याने तपासायचा. झुकिस्वा नावाची शास्त्रज्ञ बाई त्या कामावर होती. मोठी हसरी, आणि समोरच्याला समजल्याशिवाय न सोडणारी. तिने मॅग्रिटला सांगितलं होतं, की तारे जन्मतात ते धुळीच्या दाट ढगांत. बाळंतिणीच्या खोलीला पडदा लावतात तशी ती धूळ आड येते, साध्या दुर्बिणीला आतलं काही दिसत नाही. रेडिओ लहरी तेवढ्या धुळीतून सुखरूप बाहेर येतात. पण येतात त्या इतक्या क्षीण, की इथे कुणी खाकरलं तरी बुडून जातात.

एका सकाळी झुकिस्वाने तिला बोलावून संगणकाचा पडदा दाखवला. त्यावर उभ्या रेघा होत्या. थोड्या रेघा, मग कोरी जागा, पुन्हा रेघा.

"या तुकड्यात कुणीतरी ओरडतंय बघ," झुकिस्वा म्हणाली. "लागतं आणि थांबतं. तारेचं कुंपण आहे का?"

"कुंपण वाऱ्याबरोबर तडतडतं. काल वारा नव्हता."

"मग शोध, माझी बाई. उद्या दुपारी हा तुकडा पुन्हा घ्यायचाय. उद्या हुकला तर पुढच्या वर्षावर जाईल. आणि तिथे ढगात नुकते जन्मलेले तारे बरेच असणार, असं माझं मन म्हणतंय."

"दुपारी?" मॅग्रिट म्हणाली. "दिवसाढवळ्या तारे?"

"तू एवढी वर्षं इथे काम करतेस आणि अजून हाच विनोद करतेस."

"दुसरा येत नाही मला," मॅग्रिट म्हणाली आणि निघाली.

अँटेना फिरवत, थांबत थांबत ती गेली. पहिल्यांदा वाटलं शेजारचं फार्म असेल. त्या मालकाला एकदा समज दिलेली होती, पुन्हा द्यायला तिला आवडलंही असतं. पण जिथे थांबावं तिथे काटा क्रीडुरिंगकडे वळायचा. तिने तीन बाजूंनी खात्री केली. मग गाडीतच बसून राहिली थोडा वेळ. आपल्याच घरावर धाड घालायची वेळ आली की पाय निघत नाही हो.

मेंढ्या व्यायचे दिवस होते. यापी मामा वाडग्यात, म्हणजे मेंढ्यांच्या कोंडवाड्यात होता, बाह्या वर सरकवून एका अडलेल्या मेंढीपाशी गुडघ्यावर बसलेला. कोल्ह्याला माणसं आहेत असं वाटावं म्हणून वाडग्याच्या भिंतीवर रेडिओ चालू होता, कुणी तरी बाई केक कसा करायचा ते मेंढ्यांना सांगत होती. त्या रेडिओचं काही नसतं, तो नुसता ऐकतो. पण मामाच्या गळ्यात दोरीने एक गुलाबी प्लॅस्टिकची डबी लटकत होती, तिच्यावर सशाचं चित्र. डबीतून घरघर येत होती. श्वास आत, श्वास बाहेर, मग गप्प, मग पुन्हा.

मॅग्रिटने तो श्वास ओळखला. पडद्यावरच्या रेघाही तिने तिथेच ओळखल्या.

"आलीस का गं," मामा मान वर न करता म्हणाला. "ते तेल दे इकडे. पाय मागे अडकलाय."

तिने तेल दिलं. कोकरू बाहेर आलं, शिंकलं, उठायला धडपडलं. मग तिने विचारलं, "मामा, हे गळ्यात काय?"

"मालकाच्या लेकीने दिलं. तिचं बाळ मोठं झालं, मग पडून होतं. एक सीनाच्या उशाशी, एक माझ्यापाशी. तिने आवाज केला की इथे ऐकू येतं. झोपली की गप्प." त्याने डबी हातात धरून दाखवली, नवं घड्याळ दाखवावं तशी. "गेल्या आठवड्यात तिला ठसका लागला, कफ अडकला. मी पळत गेलो, कुशीवर वळवली. डॉक्टरीण म्हणाली, जरा उशीर झाला असता तर संपलं होतं. या डबीने वाचवली तिला."

मॅग्रिटने अँटेना डबीकडे वळवला. तिच्या हातातल्या अँटेनाकडे मामाचं लक्ष आत्ता गेलं.

"ही?" तो म्हणाला. "ही एवढीशी?"

"हीच."

"तिथपर्यंत ऐकू जातं?"

"तबकड्यांना जातं, मामा. कालचा सगळा तुकडा वाया गेला."

म्हातारा उभा राहिला. हात पुसायचं विसरला. "तुझे तारे किती हजार वर्षांचे गं? त्यांना आज नाही बघितलं तर ते कुठे पळणार आहेत? हिचा श्वास अडकला तर मला किती वेळ मिळतो, सांग बघू. वाडगं सोडून घरात बसलो तर मेंढ्या मरतील. मेंढ्या मेल्या तर मालक दुसरा माणूस बघेल, आणि घर त्या माणसाचं होईल. मग तिला कुठे नेऊ? तुझ्या तबकडीखाली?"

चढ्या आवाजात तो मॅग्रिटशी कधी बोलला नव्हता. खरं तर त्याचं चुकतही नव्हतं, आणि तेच तिला जास्त लागलं. "आत चला," ती म्हणाली. "तिच्यासमोर बोलू."

मामी उशीला टेकून बसली होती. मॅग्रिट शेजारी बसली तशी डावा हात पुढे आला आणि तिची बोटं चाचपू लागला. झटक्यानंतर पहिल्यांदाच. मॅग्रिटने तो हात तसाच राहू दिला आणि सगळं सांगितलं. रेघा, तुकडा, उद्याची दुपार, काही लपवलं नाही.

"मी तुला गावात माझ्याकडे नेते," ती म्हणाली. "मेंढ्या विऊन होईपर्यंत. शेजारची बाई दिवसा बसेल."

"नाही," मामी म्हणाली.

"मग मी कोकरं सोडून घरात बसतो," मामा म्हणाला. "मालक काय करायचं ते करो."

"नाही." हे जरा मोठ्याने.

मॅग्रिटने खिडकीबाहेर पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "मग डबी राहू दे. मी सांगते, काही सापडलं नाही म्हणून. कुणाला कळणार आहे?"

मामीने तिचा हात सोडला. "नाही," ती म्हणाली, आणि ज्या नजरेने म्हणाली ती मॅग्रिटला लहानपणापासून ठाऊक होती. खोटं बोललेल्या पोरीला त्या नजरेपुढे या घरात कधी जेवण गोड लागलं नव्हतं.

यापी मामाचं डोकं फिरलं. "हे नाही, ते नाही. गावात नाही, मी घरात नाही, डबी नाही. मग काय करू, बाई? तुझी खाट नेऊन वाडग्यात टाकू, मेंढ्यांच्या मधोमध?"

दोघंही तिच्या 'नाही'ची वाट बघत राहिले.

मामी काही बोलली नाही. खिडकीतून वाडग्याच्या पत्र्याकडे बघत राहिली. मामाने पुन्हा विचारलं, या वेळी सावकाश, शब्द मोजून. "सीना, वाडग्यात नेऊ तुला?" तरी ती गप्प. मॅग्रिटच्या आयुष्याचा धंदा शांतता राखायचा, पण एखादी शांतता एवढी बोलते हे तिला त्या दिवशी कळलं.

मग काय, संध्याकाळच्या आत खाट हलली. वाडग्याच्या आतल्या बाजूला छपराखाली, जिथे वारा लागत नाही तिथे गवताचे भारे रचून आडोसा केला. मॅग्रिटने शेगडी लावली, मामाने गाद्या आणल्या, आणि दोघांनी मामीला उचलून नेलं. ती हलकी झाली होती, फार हलकी. आईने टाकलेलं एक कोकरू मामाने तिच्या डाव्या हाताशी ठेवलं. तिने आधी त्याचे कान चाचपले. मॅग्रिटने दोन्ही डब्यांतल्या बॅटऱ्या काढून खिशात टाकल्या. काय सापडलं ते वर साहेबांना खरंखरं कळवलं, मामाचं नाव घालून. तिला वाटलं होतं बोलणी बसतील. बसली नाहीत, पण त्यानेही तिला बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो तुकडा पुन्हा घेतला. झुकिस्वाने तिला हाक मारली. "ये, चूपबाई, बघ. किती स्वच्छ." आणि एका ढगावर बोट ठेवून म्हणाली, "इथे एक तारा असेल असं वाटलं होतं. अख्खा घोळका आहे. इतके कोवळे, इतके जवळजवळ. कुणी पाहिले नव्हते आजवर." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तिने ते लपवलं नाही.

मॅग्रिटने ढग पाहिला. सुंदर होता, तिला ते दिसत होतं. पण तिची नजर पुन्हा पुन्हा शेजारच्या पडद्याकडे जात होती. तिथे काल रेघा होत्या, आज सगळं कोरं होतं. रेघ नाही म्हणजे श्वास नाही असा त्याचा अर्थ नव्हता, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी तिला तिथे उभं राहवेना.

तिने बाहेर येऊन तारेच्या फोनवरून क्रीडुरिंगला फोन लावला. घंटा वाजत राहिली. वाडग्यातून घरापर्यंत यायला म्हाताऱ्याला वेळ लागणारच, ती स्वतःला समजावत राहिली. अखेर उचलला. धाप लागली होती त्याला.

"मामा, मामी कशी आहे?"

"आहे की. मघाशी ठसका लागला होता."

"मग? कसं ऐकू आलं तुम्हाला?"

"ऐकू काय येतंय तिथे. मेंढ्या ओरडतात, तो रेडिओ बडबडतो." मग तो म्हणाला, "मी बघतच होतो तिच्याकडे. मान वर केली की समोर तीच असते, पोरी. डबी होती तेव्हा घरात जाऊन बघायचं राहून जायचं, ऐकू येतंय ना म्हणून. किती दिवसांनी मी तिला नुसता बघत बसलोय."

झुकिस्वाच्या ताऱ्यांचं सांगावं असं मॅग्रिटच्या मनात होतं, ते राहिलं.

"तुमचं झालं का मनासारखं?" त्याने विचारलं.

"झालं, मामा."

"बरं झालं. आता फोन ठेव. ती एकटी आहे तिकडे."