मास्तरांची उलटतपासणी

महाडच्या कोर्टात मी पंचवीस वर्षं वकिली केली. शाळा समितीत होतो, वाचनालयाचा चिटणीस होतो, आणि गावात कुठलंही भांडण मिटवायचं असलं की पंच म्हणून बोलावणं मलाच. ओटीवर माणसांचा राबता असे. पण मनातलं बोलायला माणूस एकच, मराठी शाळेचे हेडमास्तर. बायको गेल्यापासून तर माझी संध्याकाळ म्हणजे मास्तरच.

आम्ही वाचनालयात बसायचो. ते म्हणायचे, "चष्मा घरी राहिला हो, वाचा तुम्हीच." मग मी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचो. चष्मा तीन वर्षं घरीच राहिला. शाळेतली मुलंही ते आवाजावरून ओळखत. मला सगळं कळत होतं, पण विचारलं कधीच नाही. जे लपवण्यावर माणसाचं पोट आहे ते व्यंग त्याच्या तोंडावर कसं काढायचं? यालाच मी भलेपणा समजत होतो.

त्या वर्षी एका गवताच्या व्यापाऱ्याची गंजी जळाली. पोलिसांनी पोलादपूरकडच्या एका डोंगरवाडीतला शेतकरी धरला. आदल्या आठवड्यात वजनावरून त्याचं व्यापाऱ्याशी वाजलं होतं. शिवाय त्याला पळताना पाहिल्याचं सांगणारा साक्षीदार होता. तो साक्षीदार म्हणजे मास्तर. फिरून येताना त्यांना कुणीतरी पळताना दिसलं असेल. नाव गावानं पुरवलं. मास्तर खोटं बोलणारे नव्हते. पण "मला नीट दिसलं नाही" असं म्हणणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं होतं.

जामिनावर सुटून शेतकरी माझ्याकडे आला. "वकीलसायेब, मी त्या दिशी म्हाडात आलोच नव्हतो. पोरगी तापानं फणफणली व्हती. पन घरच्यांबिगर साक्षीला कोन नाय." सुटला नाही तर दोन-तीन वर्षं आत, आणि मागे बायको नि दोन पोरी. मी वकीलपत्र घेतलं.

कोर्टातलं घड्याळ दिवाळीपासून सव्वाचारावर बंद पडलेलं होतं. रोज येणाऱ्यांना ते ठाऊक होतं. मास्तर कोर्टाची पायरी कधी चढले नव्हते. उलटतपासणीला उभा राहून मी अगदी अदबीनं विचारलं, "मास्तर, समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दिसतंय ना? किती वाजलेत?"

मास्तर जराही थांबले नाहीत. "पावणेबारा."

वेळ बरोबर होती. तीस वर्षं शाळेचे तास सांभाळलेला माणूस तो, त्याला घड्याळ कशाला लागतंय! मागच्या बाकांवर हशा पिकला. मास्तरही हसले, कारण लोक कशाला हसतायत ते त्यांना कळलंच नाही. मी मॅजिस्ट्रेटना घड्याळ बंद असल्याची नोंद घ्यायला सांगितलं, तेव्हा कुठे त्यांचं हसू विरलं.

शेतकरी सुटला. माझ्या पायांना हात लावून तो पोलादपूरच्या मोटारीत बसला. साक्षीदाराची नजर अधू आहे, असं निकालात लिहिलं गेलं आणि महिन्याभरात ते शाळा समितीपुढे आलं. मास्तरांना निवृत्त करायचा ठराव होता. पोट बिघडल्याचं कळवून मी त्या सभेला गेलो नाही. पोटाला काहीही झालेलं नव्हतं. ठराव मंजूर झाला.

लोक पाठ थोपटायचे, "काय पकडलंत हो मास्तरांना!" त्या कौतुकाचा मला वीट आला. वाचनालयात मी एकटाच बसायचो. बातमी चांगली असली की मान वर करून समोर बघायचो आणि ओशाळून पान उलटायचो. इतका एकटा मी बायको गेली तेव्हाही नव्हतो.

चार महिन्यांनी धीर करून त्यांच्या घरी गेलो. मास्तर देवाच्या वाती वळत बसले होते. मी म्हणालो, "मास्तर, निरपराध माणूस तुरुंगात गेला असता."

"गेला असता," ते म्हणाले. "सोडवलंत ते बरं केलंत. माझ्याही हातून पाप टळलं. पण एक सांगा. साक्षीच्या आदल्या संध्याकाळीसुद्धा आपण दोघं वाचनालयातच होतो. तेव्हा का नाही म्हणालात, मास्तर, तुम्हाला दिसत नाही, साक्ष देऊ नका?"

समोरच्या पक्षाच्या साक्षीदाराशी खटल्याबद्दल बोलू नये, असा आमच्या धंद्यातला नियम आहे. तो मी त्यांना सांगितला. त्यांनी मान हलवली आणि कापूस हातात घेतला.

खरं उत्तर वेगळं होतं. त्या संध्याकाळी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवताना घड्याळाचा प्रश्न मी मनात घोळवत होतो, आणि तो मला फार आवडला होता.