बुटांची माती

अणुचाचण्यांनी नासलेली माती खरवडून काढायचं काम त्या बेटावर चालू होतं. आम्ही ते पाहायला गेलो होतो. परतताना होडीत चढण्याआधी सगळ्यांनी बूट घासून धुवायचे, असा नियम होता. जिच्या अंगणात आम्ही दुपारी टेकलो होतो, ती बाई साठवलेलं पावसाचं पाणी घेऊन आली आणि आमच्या बुटांवर ओतू लागली.

आपल्याकडे पाय धुतात ते घरात शिरताना. आम्ही धूत होतो ते तिचं अंगण आमच्या घरात शिरू नये म्हणून.

"राहू द्या, मी ओततो," मी म्हटलं.

"तुम्ही पाहुणे," ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "घरी जायचंय तुम्हाला."

मी खाली वाकून बूट घासत राहिलो. होडी सुटली, तेव्हा आमच्या बुटांच्या चिखलात ती अनवाणी उभी होती, हात हलवत.